काचेवरचं बोट

घनसावंगी
३ डिसेंबर २०२५

मदीहा पोरी,

आधी आशीर्वाद घे, मंग भांडते.

तुहं पत्र जीपवाल्या सोमेश्वरनं आनून दिलं. काकूला फोनवर ऐकू येत न्हाई, पत्रच लिही, आसं बापानं शिकवलं म्हन. बराबर शिकवलं. पन चांदपाशा भावजींना सांग, तीस वर्षं आमच्या स्टुडिओत कॅमेरे नीट कराया येत व्हते, माह्या हातचे धपाटे खाऊन जात व्हते, आन हे गेल्यापासून सहा वर्षांत दोन ओळी न्हाईत. आता पोरीला लेन्स पाहिजे तर दैवशाला आठवली.

तू लिहितीस, उन्हात आपल्याला न दिसनारा एक उजेड ऱ्हातो, मधमाशीला तो दिसतो, आन त्या उजेडात तुला सूर्यफुलाचे फोटो काढायचेत. अल्ट्राव्हायोलेट. नाव तीनदा वाचलं. मी चौथीपर्यंत शिकले, पन येवढं लांब नाव तर आमच्या गुरुजींचं बी नव्हतं. मला दिसत न्हाई ते माशीला दिसतं, हे वाचून मात्र वाईट वाटलं. माश्यांना मी आजवर उगाच हाकलत आले.

यांची पेटी माह्यापाशीच हाय. स्टुडिओचं शटर बंद, पन पेटी रोज उघडते. मुलगी पाहायला बसल्यावानी अकराच्या अकरा भिंगं चादरीवर मांडली. कोन ठेंगनं, कोन जाडं, एकाला तर कडेला टवका गेलाय. त्यातलं सगळ्यात धिप्पाड तुला देऊन राह्यले. लग्नाच्या सीझनसाठी यांनी हौसेनं घेतलं व्हतं. गळ्यात घालून मिरवायचे. माह्या मंगळसूत्राकडं येवढं कधी पाह्यलं न्हाई.

सांभाळून आन. पडलं तर तुला न्हाई, भावजींना धरीन.

तुही काकू
दैवशाला

०

जालना
९ डिसेंबर २०२५

काकू, मदीहाचा सलाम.

रागावू नका. धिप्पाड नवरी परत पाठवून राह्यले.

या लेन्समध्ये एकामागं एक बारा काचा आहेत, आणि प्रत्येक काचेवर चकाकी थांबवणारा थर. साध्या फोटोला ते चांगलं. पण मला पाहिजे तो उजेड काचेत शिरला की काचच त्याला खाऊन टाकते. बारा काचा म्हणजे बारा तोंडं. नवीन, महाग लेन्स जितकी भारी, तितकी माझ्यासाठी बेकार. या कामाच्या खास लेन्स मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून अब्बांनी मला पाणी दिलं.

तपासायची रीत सोपी आहे. पत्र्याच्या झाकणाला टाचणीनं भोक पाडलं आणि ते कॅमेऱ्याला लावलं. भोकाला काच नाही, म्हणून उजेड सगळा आत येतो. फोटो धूसर निघतो, पण लेन्स किती उजेड खाते ते त्याच्याशी तोलून कळतं. समोर नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी पट्टी ठेवायची, कारण ती त्या उजेडात पण पांढरीच राहते. कॅमेरा अब्बांनी उघडून तो उजेड अडवणारी आतली गाळणीची काच काढली.

आता खरी गोष्ट. जांब समर्थला पुंजाराम मामांच्या शेतात सूर्यफुलाची दोन वाणं शेजारी-शेजारी लावलीत. एकावर माश्या तुटून पडतात, दुसऱ्याकडं बघत पण नाहीत. आपल्या डोळ्याला दोन्ही सारखीच पिवळी. माशीला काय वेगळं दिसतं, हा माझा एम.एस्सी.चा विषय. जानेवारीत फुलोरा येईल, बारा-पंधरा दिवस टिकेल. सर म्हणाले, या फुलोऱ्यात फोटो नाही निघाला तर विषय बदल. दोन वर्षं मी याच्याच मागं आहे, काकू.

अब्बा म्हणतात, काकांच्या फोटो मोठे करायच्या एनलार्जरला एक छोटी जुनी लेन्स होती. चारच काचा, सुपारीएवढी. अशाच लेन्समधून तो उजेड पार होतो म्हणे. ती तुमच्याकडं आहे का?

तुमची
मदीहा

०

घनसावंगी
१४ डिसेंबर २०२५

मदीहा,

हाय. पन दुसरं काही माग ना.

ते भिंग अजून डार्करूममधी एनलार्जरलाच हाय. मी त्याला हालवलं न्हाई. तुला सांगते काऊन.

लग्न होऊन आले तवा मला वाटलं, नवरा फोटो काढतो म्हंजी बटन दाबतो. खरं काम तर त्या काळ्या खोलीत. लाल बल्ब, तीन ट्रे, आन वरून त्या सुपारीयेवढ्या भिंगातून खाली कागदावर उजेड. हे म्हनायचे, "दैवशाला, वीसपोत्तर मोज, बराबर मोज." मी मोजायची. दहाला आले की मुद्दाम म्हनायची, "तुमच्या आईनं आज मला काय म्हनलं ठाऊक हाय का?" झालं! हे तिकडं कान देनार, आकडा चुकनार, आन सरपंचाचं तोंड तव्यावानी काळं निघनार. मंग वरडा. मंग दुसरा कागद. तुहा बाप बाहेर स्टुलावर बसून हासायचा, ते आत ऐकू यायचं.

सगळ्यात आवडायचं ते ट्रेमधलं. कोरा कागद पान्यात हालवत ऱ्हायचा. आधी केस यायचे, मंग डोळे, मंग सगळा मानूस. शेजारच्या गल्लीतली रोजची मानसं, पन तिथं वर येताना पाह्यली की वाटायचं, आत्ता जन्मली. कंप्युटरचे फोटो आले आन ती खोली बंद पडली. हे तरी बी रोज सकाळी आत जाऊन भिंग फुंकर मारून यायचे. चहा गार व्हायचा.

दोन दिस इचार केला. मंग वाटलं, चार वर्षं गहू ठेवला तर त्याला बी किडे लागतात. भिंग काढलं, पदरानं पुसलं, कापसात गुंडाळलं. आटे बारीक हायेत, भावजींना सांग जबरदस्ती नगं. पोरींना सासरी धाडतात तशी धाडून राह्यले. रडले न्हाई. कांदा चिरत व्हते.

काकू

०

जालना
२६ डिसेंबर २०२५

काकू,

लेन्स सुखरूप पोचली. अब्बांनी हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिली. मग लेथवर बसले. एनलार्जरच्या लेन्सला फोकस फिरवायची सोय नसते आणि आमच्या कॅमेऱ्याचे आटे वेगळे, म्हणून एक फिरती नळी आणि एक रिंग बनवायची होती. पहिली रिंग सैल झाली, दुसरी अडकली, तिसरी अशी बसली की अम्मीला बोलावून दाखवली.

पण काकू, उन्हात नेऊन तपासलं तर काहीच नाही. टाचणीच्या भोकापेक्षा कितीतरी पट उजेड यायला पाहिजे होता, आला जेमतेम. मी म्हटलं, ही लेन्स पण खाणारीच निघाली. अब्बा ऐकेनात. चार काचांची लेन्स एवढं खाणारच नाही म्हणाले. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि नोटा तपासायचा निळा टॉर्च लेन्सवर मारला.

काच चमकली. हिरवट पिवळी.

डोळ्याला एकदम साफ दिसणारी काच, आणि टॉर्चखाली तिच्यावर पातळ थर. मधे गोल-गोल पुसल्याच्या रेषा, आणि कडेला एका बोटाचा ठसा. रेषा सुद्धा मोजता येतील असा. अब्बांनी वास घेतला आणि म्हणाले, "हलदी है." हळदीचा पिवळेपणा आपल्याला पाहिजे तो उजेडच पिऊन टाकतो, आणि टॉर्चखाली चमकतो. लेन्स चांगली आहे, वर हळद बसलीय.

काका खंडेनवमीला सगळ्या सामानाची पूजा करायचे, अब्बांना पेढे द्यायचे, हे मला पण आठवतं. काकू, हे बोट काकांचं आहे का? स्पिरिटनं पुसलं तर एका मिनिटात जाईल. पण अब्बा म्हणाले, आधी भाभीला विचार.

मदीहा

०

घनसावंगी
३१ डिसेंबर २०२५

चि. मदीहास आशीर्वाद.

व्हय. त्यांचंच. दुसऱ्या कोनाचं आसनार. ऱ्हाऊ दे तसंच.

सोबत पेटी कॅमेऱ्याचं भिंग धाडलंय. एकच काच हाय. बारा तोंडं न्हाईत, चार न्हाईत, एकच तोंड, माह्यावानी. त्याच्यावर भागव.

थंडी फार हाय.

दैवशाला

०

जालना
१३ जानेवारी २०२६

काकू,

तुमचं पत्र एवढं छोटं पहिल्यांदा आलं. तब्येत बरी आहे ना?

एका काचेची लेन्स लावून पाहिली. उजेड भरपूर येतो, तुमचं म्हणणं खरं. पण मधला रुपयाएवढा भाग सोडला तर सगळं पुसट. पाकळी कुठं संपते, आभाळ कुठं सुरू होतं, कळत नाही. तिच्यावर काही होणार नाही.

फुलोरा शनिवारी उघडला. पुंजाराम मामा रोज फोन करतात, "बाई, तुहे फूल वाट पाहून राह्यलेत." मी काल जाऊन नुसती बांधावर बसून आले. एका ओळीत माश्यांची नुसती गुणगुण, दुसरी ओळ गप.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. अब्बा म्हणाले, पोरी, विषय दुसरा मिळेल, संपतचं बोट दुसरं मिळणार नाही. मला पण पटलं. सोमवारी, १९ तारखेला, विषय बदलायचा अर्ज देऊन टाकीन.

एक सांगू का? सांगू नये असं अब्बा म्हणाले होते. रोज दुपारी नमाजहून आले की ते शटर अर्धं ओढतात, लेन्स कापसातून काढतात आणि टॉर्च लावून त्या बोटाकडं बघत बसतात. काका गेले तेव्हा अब्बा हैदराबादला दवाखान्यात होते, तुम्हाला माहीतच आहे. शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "बैठा है मेरे पास."

लेन्स तुम्हाला परत पाठवू, का थोडे दिवस त्यांच्याजवळ राहू देऊ?

मदीहा

०

घनसावंगी
१५ जानेवारी २०२६

मदीहा,

हे पत्र सोमेश्वरच्या हातात देऊन त्याला शपथ घातलीय, वाटेत चहाला थांबू नगं म्हनून. आधी तू वाच, मंग बापाला वाचून दाखव. सगळं वाच. काही गाळू नगं.

ते बोट यांचं न्हाई. माहं हाय.

हे खंडेनवमीला हळद-कुंकू लावायचे, पन भिंगाच्या लोखंडाला. काचेला कधी न्हाई. काचेला कोनी बोट लावलं तर हा शांत मानूस शिव्या द्यायचा. एकदा माह्या भावाच्या पोरानं लावलं तर त्याला दिवाळीचा फोटो काढून दिला न्हाई.

हे आषाढात गेले. त्याच साली खंडेनवमी आली. मी पेटी उघडून ताट केलं, तर माही जाऊ, गिरिजाबाई, दारात. म्हनली, "बाई, आता तुमी हळद-कुंकवाला हात लावू नगा. तुमचं पोरगं पुन्याहून येईल तवा करील." वाईट मनानं न्हाई म्हनली. गावात तसंच चालतं. मी ताट ठेवून दिलं. ती गेली. मंग मी हळद-कुंकवाच्या वाट्या पदराखाली घेतल्या आन डार्करूममधी जाऊन आतून कडी लावली. भर दुपारी. लाल बल्ब लावला. त्या उजेडात हळद आन कुंकू सारखंच दिसतं बघ, कोनतं काय ते कळंना. म्हनून बोटानं वास घेऊ-घेऊ लावलं. कात्रीला, ट्रेला, एनलार्जरला.

आन मंग भिंगाला. बराबर काचेवर. दाबून.

मुद्दाम, पोरी. वीसपोत्तर मोजताना आकडा चुकवायची तसं मुद्दाम. मला वाटलं, आता तरी वरडत येतील. "दैवशाला, काच!" आसं म्हनत येतील. मी कान लावून उभी ऱ्हायले. तवा ऐकू बराबर येत व्हतं.

न्हाई आले. मंग पदरानं पुसलं. दुसऱ्या साली पुन्ना लावलं. सात खंडेनवम्या झाल्या. आता वरडले तरी मला ऐकू येनार न्हाई, तरी ह्या आक्टोबरात लावलंच. काच दिसाया साफ दिसायची, मला काय ठाऊक तुमचा टॉर्च चुगलखोर हाय म्हनून.

तू इचारलंस तवा खरं लिहाया बसले व्हते. रांडमुंड बाई हळद-कुंकू करते, आन ते बी सात वर्षं चोरून, हे जालन्याच्या दुकानात चार मानसांत वाचलं जाईल आसं वाटलं. म्हनून त्यांच्यावर ढकललं. मेलेल्या मानसावर ढकललं की सोपं पडतं. मला वाटलं, एक बोटाचा ठसा, त्याच्यानं काय व्हतं. त्याच्यापायी तुहे दोन वर्षं जातील आन तुहा बाप त्याच्याशी गप्पा मारत बसंल, हे माह्या ध्यानात आलं न्हाई.

पुस. स्पिरिट लावून, घासून पुस. अर्ज फाड. फुलं चालली.

आन चांदपाशा भावजी, आता तुमाला. माफ करा. तुमचा दोस्त तुमच्यापाशी बसला व्हता, त्याला मी उठवलं. हे मला लई जड जाऊन राह्यलं. पन हसा बी थोडं. आठ-पंधरा दिस शटर लावून, टॉर्च मारून परक्या बाईचं बोट पाहून राह्यलेत तुमी. हे असते तर तुमाला गावभर फिरवलं असतं.

दैवशाला

०

जालना
२१ जानेवारी २०२६

काकू,

अब्बांना सगळं वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. शेवटाला ते इतके हसले की अम्मी चुलीवरचं सोडून बाहेर आली. मग चष्मा काढून पुसत बसले.

मग म्हणाले, "मेरेकू पैले दिन सेच मालूम था. संपत काच को हाथ लगाएगा? मर जाता, नै लगाता." मी म्हटलं, मग मला पुसू का दिलं नाही? तर म्हणाले, भाभीनं लिहिलं त्याचं आहे. भाभी म्हणते तर त्याचं. मी कोण दुसरं बोलणारा? आणि म्हणाले, मानलं की बरं पण वाटत होतं.

त्यांनी स्वतः पुसलं. कापसाचे नऊ बोळे पिवळे झाले. सात वर्षांची हळद आहे काकू, सोपी नाही. टॉर्च मारला, काच काळी. काही चमकलं नाही. अब्बांनी टॉर्च खिशात ठेवला आणि मला म्हणाले, चल जल्दी, ऊन जाईल.

१७ आणि १८ दोन्ही दिवस शेतात होतो. आधी फोटो धूसर. डोळ्याला साफ दिसतं तिथं तो उजेड साफ नसतो, थोडा हुकतो. अब्बा रिंग केसाएवढी फिरवायचे, मी फोटो काढायची, परत केसाएवढी. बाविसाव्या फोटोला पाकळीच्या शिरा दिसल्या. मी बांधावर ओरडले, पुंजाराम मामा साप म्हणून काठी घेऊन आले.

फोटो सोबत आहे, बघा. ज्या फुलावर माश्या येतात, त्याच्या पाकळ्यांची टोकं पांढरीशुभ्र आणि मधे काळं रिंगण. जसं कोणी दाखवून राह्यलं की इथं उतर. दुसऱ्या ओळीतल्या फुलाला रिंगणच नाही. सगळं सपाट. माशीला ते दारच दिसत नसणार. सरांनी फोटो तीनदा पाहिला आणि म्हणाले, बरं झालं अर्ज दिला नाहीस.

माझा फोटो पण पाठवलाय, तुम्हाला चिडवायला काहीतरी पाहिजे म्हणून. उन्हाची क्रीम त्या उजेडात काळी दिसते, म्हणून तोंडाला काजळी फासल्यासारखी आहे. बाजूला अब्बा. चष्मा साधाच आहे, पण काळा गॉगल लावलेल्या गुंडासारखा दिसतो.

लेन्स धुऊन-पुसून तयार आहे. कधी आणून देऊ?

मदीहा

०

घनसावंगी
२५ जानेवारी २०२६, रथसप्तमी

मदीहा पोरी,

भिंग तुहं. आनू नगं. भावजींचा फोटो मात्र मी ठेवून घेतला, कोनी उधार मागाया आलं की दाखवीन, हा माहा भाऊ म्हनून. आन तू येवढी गोरी व्हायला जातीस आन माशीला काळीच दिसतीस, क्रीमचा खर्चा वाचव.

फुलाचा फोटो चार दिस पाहून राह्यले. घरात बसल्या-बसल्या एक खूळ आलं. संक्रांतीपासून गल्लीत घरोघर हळदी-कुंकू चालू हाय, आन सहा वर्षं मी खिडकीतून बायकांच्या साड्या मोजते. आज शेवटचा दिस. तुही चिठ्ठी वाचल्यावर वाटलं, जिथं सात वर्षांची हळद कोनाला दिसली न्हाई तिथं एक दिसाची दिसली तर काय आभाळ पडतं. सकाळीच निरोप धाडला, दैवशालाबाईकडं हळदी-कुंकू हाय, चार वाजता या. वान म्हनून तुह्या फुलाचा फोटो. झेरॉक्सवाल्याकडून वीस काढून आनले.

चौदा घरी निरोप गेला. पाच जनी आल्या. त्यातल्या दोघींनी कुंकू घेतलं, दोघींनी नुसता चहा घेतला, एकीनं फोटो उलटा धरून इचारलं, ही जखम कोनाची. मी फुलाची सगळी गोष्ट सांगितली, माशीला दार दिसतं ते. आईकलं बायकांनी. सुगनबाई मारवाडीन तर म्हनली, आणखी दोन द्या, सुनांना.

गिरिजाबाई आली. दारातच उभी. ताटाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, म्हनली, दूध ठेवलंय चुलीवर, आन गेली. मी तिला वान बी दिलं न्हाई.

सगळ्या गेल्यावर कपबशा घेऊन मागल्या दारी घासाया बसले. ऊन उतरत आल्तं. मोरीपाशी कोन उभं म्हनून पाह्यलं तर तीच. दोन साल झाले तिचा बी मालक गेलाय. हे तुला ठाऊक नसंल. तवापासून तिनं सोताला बी हळद लावू दिली न्हाई, मला सांगायची ते सोतावर बी चालवलं. डोक्यावरचा पदर मागं केला आन कपाळ पुढं केलं. माहे हात राखेचे. तसेच धुतले, पुसले न्हाईत, घरात जाऊन वाटी आनली. वल्या बोटानं लावली. लई लागली, नाकावर वघळ आला. दोघी बी हासलो. मंग ती बराच येळ माह्या खांद्याला धरून उभी व्हती.

जाताना म्हनली, "दैवशाला, हे कोनाला सांगू नगं हां."

म्हनून लगेच तुला लिहाया बसले.

काकू